खेळ रंगतो, पण गणित तिथेच राहतं: वर्गात कोणते खेळ घ्यावेत आणि कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहावी-सातवीला गणिताचे खेळ घेतले, बालबाजारही भरवला. मुलं रमतात, तास कसा गेला ते कळत नाही. घटक चाचणीत मात्र गाडी आहे तिथेच. मग हे सगळं करावं की नाही, आणि करायचं तर नेमकं काय?

करावं. पण आधी खेळ पारखून घ्यावा. गणिताची सापशिडी बहुतेक शाळांत असते. फासा टाकायचा, ज्या घरात सोंगटी जाईल तिथलं उदाहरण सोडवायचं आणि पुढे सरकायचं. यात जिंकतो कोण? ज्याला फासा साथ देतो तो. उदाहरण म्हणजे वाटेतला टोलनाका: पावती फाडायची आणि सुटायचं. मूल त्याच घाईने ते सोडवतं. अशा खेळाने फार तर सराव होतो, समज वाढत नाही. म्हणून कोणताही खेळ वर्गात नेण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: दहा डाव खेळले तर विचार करणारं मूल नशिबावर खेळणाऱ्यापेक्षा जास्त डाव जिंकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो खेळ पावसाळ्यातल्या मोकळ्या तासाला ठेवा.

या कसोटीला पुरेपूर उतरणारा एक डाव सविस्तर सांगतो. साहित्य म्हणजे पाटी आणि खडू.

पाटीवर १ ते ३० आकडे लिहा. दोघं विरुद्ध दोघं. पहिली जोडी कोणतीही एक संख्या उचलते, तेवढे गुण तिचे. त्या संख्येचे जे विभाजक पाटीवर शिल्लक असतील, ते सगळे समोरच्या जोडीला मिळतात (ती संख्या स्वतः सोडून). घेतलेले आकडे खोडायचे. मग दुसरी जोडी संख्या उचलते आणि विभाजक पहिलीला जातात. अट एकच: जिचा एकही विभाजक पाटीवर उरलेला नाही, ती संख्या उचलता येत नाही. उचलण्याजोगं काहीच उरलं नाही की डाव संपला. ज्यांची बेरीज जास्त, ते जिंकले.

पहिल्या डावात जवळजवळ सगळ्या जोड्या ३० उचलतात, कारण तो सगळ्यात मोठा. समोरच्यांना १, २, ३, ५, ६, १०, १५ मिळतात, म्हणजे ४२ गुण. चेहरे पडतात. मग २४ उचलून पाहतात, तर समोरच्यांना ३६. दोन-तीन डावांत कोणीतरी २९ उचलतं आणि समोर फक्त १ जातो. ही युक्ती वर्गभर पसरायला वेळ लागत नाही. लगेच दुसरी जोडी त्याच हावरेपणाने २३ वर बोट ठेवते, आणि तिथे अडते: २३ ला उचलण्यासाठी १ लागतो, तो तर गेला! मूळ संख्येला १ आणि ती स्वतः याशिवाय विभाजक नसतो, हे पुस्तकातलं वाक्य इथे पहिल्यांदा कोणालातरी टोचतं. मग शोध सुरू होतो: आता कोणती संख्या उचलली तर समोरचं वजा जाता आपल्याला जास्तीत जास्त उरेल? २५. कारण १ गेलेला आहे, म्हणजे फक्त ५ द्यावा लागतो.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, समोरची जोडी विभाजक सांगायला विसरते, आणि बाई किंवा सर मध्ये पडून सांगतात. सांगू नका. नियम असा ठेवा की विसरलेला विभाजक दाखवून देणाऱ्या जोडीला तो मिळेल. मग चारही डोकी दोन्ही चालींत गुंततात. दुसरी, जोडीतलं हुशार मूल एकटंच खेळतं. त्यावर उपाय: चाल एकाने सुचवायची, खडू दुसऱ्याच्या हातात, आणि ‘हीच का?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय खडू पाटीला लावायचा नाही. चार जणांच्या वर गट करू नका. सहाच्या गटात दोघं खेळतात आणि चौघं बाकावर कोरीवकाम करतात. पाचवीला पाटी १ ते २० ची पुरे. ३० च्या पाटीला एका डावाला दहा-बारा मिनिटं लागतात.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. बहुतेक ठिकाणी डाव चालू असतानाच घंटा होते आणि शिकायचं तेवढंच राहून जातं. चाळीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं नियमांना, पंधरा खेळाला, पंधरा बोलण्याला आणि पाच वहीला, अशी वाटणी ठेवा. डाव अर्धा असला तरी थांबवा, मुलं कुरकुरली तरी. बोलण्याच्या वेळेत ‘मजा आली का?’ हे विचारायचं नसतं. विचारायचं ते असं: अशा कोणत्या संख्या आहेत की उचलल्या तर समोरच्यालाच जास्त मिळतं? (१ ते ३० मध्ये १२, १८, २०, २४, ३०.) बरोबरीत सुटणाऱ्या कोणत्या? (६ आणि २८. २८ चे १, २, ४, ७, १४ मिळून २८च होतात. सातवीतल्या मुलांना हे स्वतः सापडलं की त्यांचा विश्वास बसत नाही, पुन्हा पुन्हा बेरीज करतात.) पाटी ५० पर्यंत केली तर पहिली चाल ४७ की ४९? ४९ उचलला तर समोर १ आणि ७ जातात, ४७ ला फक्त १. म्हणजे आधी ४७, मग संधी मिळाली तर ४९. हाच शेवटचा प्रश्न आठवड्याने घटक चाचणीत कारणासह विचारा. खेळ आणि चाचणी यांचा एकमेकांशी संबंधच नसेल, तर चाचणीत फरक कुठून दिसणार?

वजाबाकीच्या सरावासाठी खेळसुद्धा लागत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा ६१७४ पुरे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तिथून पुढे ६१७४च येत राहतो. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. वर्गाला आव्हान द्या: बरोबर सात पायऱ्या लागणारी संख्या शोधा. १००४ ही त्यातली एक (४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४), पण ती सांगू नका. अशी संख्या शोधताना एकेक मूल हातच्याच्या वीस-तीस वजाबाक्या करतं. तेवढ्याच वजाबाक्या गृहपाठाला दिल्या असत्या तर पालक भेटायला आले असते.

इथे चूक होते ती शून्यात. २१११ घेतलं की २१११ − १११२ = ९९९ येतात. मूल ९९९ उलटसुलट लावून ९९९ − ९९९ = ० करतं आणि ‘सर, कापरेकर चुकले’ म्हणून येतं. उत्तर चार अंकीच ठेवायचं: ०९९९. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. तपासणीचा भारही तुमच्यावर येत नाही. इथे प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे, म्हणजे अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली पाहिजे. हातचा एकदा विसरला की उत्तर १०, १०० किंवा १००० ने चुकतं आणि ही बेरीज लगेच फसते. मुलांना हे सांगून ठेवा, मग आपली चूक ती स्वतःच शोधतात. ९ च्या पटीतच का, हा प्रश्न आठवीसाठी राखून ठेवा.

‘खऱ्या जगातलं गणित’ या नावाखाली बरंच खोटं खपतं. रमेशने ६० कलिंगडं घेतली, असल्या उदाहरणात खरं काही नसतं. जिथे उत्तर चुकलं तर काम प्रत्यक्ष अडतं, ते खरं. ग्रामीण शाळेसाठी याहून चांगला उपक्रम मला दिसत नाही: मैदानावर एक गुंठा आखा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. लागतं काय? ५० फुटांची किंवा १५ मीटरची टेप, चार खुंट्या, सुतळी आणि चुन्याची फक्की. एक बाजू सरळ आखणं सोपं असतं. दुसरी बाजू काटकोनात न्यायची कशी, यावर मुलांना दहा मिनिटं भांडू द्या. कोणी वहीचा कोपरा लावतं, कोणी कंपासपेटीतला गुण्या. ३३ फुटांवर या दोन्हींचा काही उपयोग नाही, कारण कोपऱ्यातला एका अंशाचा फरक टोकाला जवळजवळ सात इंच होतो. मग गवंड्याची रीत सांगा: एका बाजूवर कोपऱ्यापासून ९ फूट, दुसरीवर १२ फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५ फूट येईपर्यंत दुसरी सुतळी सरकवायची. ३-४-५ नेही चालतं, पण माप लहान घेतलं की चूक मोठी होते, म्हणून तिप्पट. चौथा कोपरा झाला की दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक ४६ फूट ८ इंच आला पाहिजे. कर्ण सारखे नसतील तर चौकोन कलला आहे. दोन्ही सारखे पण ४६ फूट ८ इंच नसतील तर बाजूंच्या मापात गडबड आहे. पायथागोरसचा सिद्धांत सातवीतला, पण कर्ण जुळवायला धडपडलेलं मूल तो विसरत नाही.

नायलॉनची दोरी मापाला वापरू नका. ताणली की फूटभर वाढते आणि प्रत्येक गटाचा गुंठा वेगळा येतो. टेपचं टोक कुठे शून्य आहे तेही आधी पाहा. काही टेपांत ते कडीच्या बाहेरच्या कडेपासून असतं, आणि कडीच्या आतून मोजणारं पोर दर वेळी तेवढंच चुकतं.

आखलेल्या गुंठ्यावर पुढे चार-पाच तासांचं गणित आहे. तोच चौकोन मीटरमध्ये मोजा: बाजू १०.०६ मीटर, क्षेत्रफळ सुमारे १०१.२ चौरस मीटर. म्हणजे गुंठा आणि आर (१०० चौरस मीटर) जवळजवळ सारखे, पण एकच नव्हेत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि घरी सगळे एकर-गुंठ्यांत (४० गुंठ्यांचा एकर) बोलतात. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, ‘म्हणजे एकरच की’ असं मोठी माणसंही म्हणतात. एकर ४०४७ चौरस मीटरचा असतो आणि ४० आर हे ४००० चौरस मीटर. फरक ४७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५०० चौरस फूट. तेवढ्यात दोन खोल्या आणि पडवी बसते. दशांश अपूर्णांकाचं महत्त्व पटवायला दुसरं काही लागत नाही.

मग पेरणी. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलो धरलं तर आपल्या गुंठ्याला किती? ७५० ग्रॅम. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर ओळी किती बसतील? मुलं १००६ ला ४५ ने भागतात, २२ आणि थोडं वर येतं, आणि ‘२२ ओळी’ सांगून मोकळी होतात. खडूने आखायला लावा. पहिली ओळ अगदी कडेला घेतली तर ओळी २३ होतात, कारण २२ ही फटींची संख्या होती. कुंपणाच्या खांबांतही मुलं नेमकी इथेच घसरतात. कागदावर कितीही समजावलं तरी ते कळत नाही, मैदानावर एकदा मोजलं की कळतं. शहरातल्या शाळेला मैदान नसेल तर १०० चौरस फुटांची खोली गच्चीत आखा आणि घराच्या जाहिरातीतला चटई क्षेत्राचा आकडा घेऊन हेच करा.

बालबाजाराबद्दल. तो बहुतेक वेळा आनंद मेळावाच राहतो, कारण पदार्थ घरून बनून येतात. आईने केलेल्या वड्यांना खर्च शून्य, म्हणून आलेला सगळा पैसा नफा. यात नफा-तोटा कुठे आला? गटाला भांडवल मोजून द्या, ते परत घ्या, आणि माल त्या पैशातूनच आणायला लावा. घरच्या तेला-गॅसचासुद्धा अंदाजे खर्च लिहायचा.

लिंबू सरबताचा गट नीट पाहण्यासारखा असतो. १५० मिलिलिटरचे ४० ग्लास म्हणजे ६ लिटर. मुलं ६ लिटर पाणी घेतात, त्यात ६०० ग्रॅम साखर आणि १५ लिंबं. मग ग्लास भरतात ४४. जास्तीचे चार आले कुठून? साखर विरघळली तरी जागा व्यापते: ६०० ग्रॅम साखरेने साडेतीनशे मिलिलिटरच्या वर घनफळ वाढतं, लिंबाचा रस आणखी तीनशेच्या आसपास. हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायापेक्षा सरस आहे.

त्याहून सरस वाद दिवसअखेर होतो. समजा सगळा खर्च १८० रुपये, ग्लास ४०, म्हणजे एक ग्लास साडेचार रुपयांना पडला. १० रुपयांनी ३१ विकले, ३१० आले. नऊ उरले आणि शाळा सुटायला दहा मिनिटं आहेत. ३ रुपयांना विकावेत का? पुस्तकी सूत्र सांगतं, खरेदी साडेचार, विक्री तीन, दीड रुपया तोटा. पण ओतून दिले तर शून्य येणार. विकले तर २७ रुपये जास्त, आणि दिवसाचा नफा १३० वरून १५७. वर्गात दोन तट पडू द्या. सूत्र चुकीचं नाही, पण १८० रुपये आधीच गेलेले आहेत, हे ज्याला दिसतं त्याने धडा पचवला. मंडईत संध्याकाळी मेथीच्या जुड्या का स्वस्त होतात, तेही त्याला आपोआप उमगतं. वेळेचं नियोजन मात्र करा: बाजार एक दिवस, तर हिशेबाचे किमान दोन तास दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी हिशेब घेतला तर कोणाचं लक्ष नसतं.

वीज बिलाचा उपक्रम करणार असाल तर एवढंच: मुलं १४० युनिटांना सरसकट दुसऱ्या टप्प्याचा दर लावतात. समजा पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये आणि पुढच्यांना ११ रुपये दर असेल, तर बिल ५०० + ४४० = ९४० होतं, १५४० नव्हे. खरे दर चालू बिलावरूनच घ्या, ते बदलत असतात. आणि मुलांच्या घरची बिलं मागवू नका. कोणाचं थकलेलं असतं, कोणाकडे मीटरच नसतो. शाळेचं किंवा नाव झाकलेलं एकच बिल सगळ्यांना द्या.

संभाव्यतेसाठी अष्टाचंगा. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करा. चारही पांढरे वर पडले की चंगा (४), एकही नाही पडला की अष्टा (८). बहुतेक गावांत नियम हाच. वीस जोड्यांनी आठ-आठ वेळा टाकलं की १६० दानं होतात. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडत असत्या तर एकही पांढरा नाही, एक, दोन, तीन, चार यांची अपेक्षा अनुक्रमे १०, ४०, ६०, ४०, १०. प्रत्यक्षात तसं येत नाही, आणि इथेच रस आहे. घासलेला चिंचोका सपाट बाजूवर आणि फुगीर बाजूवर सारखा बसत नाही. मग एकच चिंचोका १०० वेळा टाकून पांढरी बाजू किती वेळा वर येते ते मोजायला लावा. ४० वेळा येत असेल, तर त्या चिंचोक्यांनी अष्टा हा चंगाच्या पाचपट वेळा पडेल, आणि त्याला गुणही दुप्पट! आपल्या खेळात कोणतं दान किती मोलाचं असावं, हे आकड्यांवरून ठरवा म्हणावं. सातवीला स्तंभालेखापाशी थांबा, अपूर्णांकांचा गुणाकार मोठ्यांना द्या.

पाढ्यांच्या वेगाच्या स्पर्धा, ‘पहिला हात कोणाचा’, चॉकलेटची बक्षिसं हे शक्यतो टाळा. तेच पाच जण जिंकतात आणि उरलेले पस्तीस प्रयत्न सोडतात. मुलांना पाढे यायला हवेत, त्यासाठी रोजची पाच मिनिटं स्वतंत्र ठेवा, पण तिथे स्पर्धा नको.

सुरुवात एकाच खेळाने करा, शक्यतो विभाजकांच्या डावाने, आणि तोच सलग तीन आठवडे एकेका तासाला घ्या. दर आठवड्याला नवा खेळ आणला की मुलांचा सगळा वेळ नियम शिकण्यात जातो, डावपेच सुचायच्या आत खेळ बदललेला असतो. तिसऱ्या आठवड्यात वर्गाला नियम बदलायला सांगा: बेरजेऐवजी उचललेल्या संख्या मोजायच्या, किंवा पाटी ११ ते ४० ची करायची. या दुसऱ्या बदलात १ नसतो, त्यामुळे एकही मूळ संख्या उचलता येत नाही. हे किती जणांनी खेळायच्या आधीच सांगितलं, त्याची नोंद वहीत ठेवा. घटक चाचणीच्या गुणांशेजारी ती नोंद ठेवून पाहा.